रंगाआधी उजेड

सहावी ते आठवीच्या मुलांना शिल्पकला शिकवायची, तर कागदाचा मुखवटा करवून घेण्याइतकं चांगलं दुसरं काही नाही, असं माझं ठाम मत आहे. आणि आपल्या शाळांत मुखवटे ज्या रीतीने होतात, त्या रीतीने मुलं शिल्पकला जवळजवळ शिकतच नाहीत, हेही तितकंच ठाम मत आहे.

नेहमीची रीत सगळ्यांच्या पाहण्यातली आहे. फुगा फुगवायचा, त्यावर रद्दीचे तुकडे चिकटवायचे, वाळलं की फुगा फोडायचा, पोकळ अंडाकृती कवच मधोमध कापायचं, एकेक भाग एकेकाला द्यायचा आणि रंगाच्या बाटल्या उघडायच्या. डोळे ब्रशने, भुवया ब्रशने, मिशा नि ओठही ब्रशने. वर लोकरीचे केस, टिकल्या, कोंबडीची पिसं. स्नेहसंमेलनाच्या दिवशी सगळे मुखवटे भिंतीवर टांगले की पालक खूश होतात, फोटो निघतात. मुलांना मजा आलेली असते आणि त्या मजेचं मोल मी कमी लेखत नाही. पण या सगळ्यात शिल्प कुठे आहे? मुलांनी चित्रच काढलंय, फक्त कागद सपाट असण्याऐवजी थोडा फुगीर होता. दुकानात मिळणारा पांढरा तयार मुखवटा रंगवायला देतात, तिथे तर कवचसुद्धा मुलाचं नसतं.

महाराष्ट्रात शालेय कलाशिक्षणाचा कणा म्हणजे कला संचालनालयाच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या रेखाकला परीक्षा. या परीक्षांनी गावोगावच्या मुलांच्या हाती ब्रश दिला आणि ड्रॉइंगच्या सरांना शाळेत मान मिळवून दिला. इंटरमिजिएटच्या श्रेणीचे वाढीव गुण दहावीला मिळतात, अ श्रेणीला ७, ब श्रेणीला ५, क श्रेणीला ३. त्यामुळे एरवी चित्रकलेकडे न फिरकणारे पालकही मुलांच्या मागे लागतात. पण एलिमेंटरीचे विषय बघा: वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, कर्तव्यभूमिती आणि अक्षरलेखन. सगळं कागदावर. वस्तुचित्राला समोर तांब्या ठेवलेला असतो आणि त्याचा गोलावा छायाप्रकाशाने दाखवायचा असतो. उजेड डावीकडून येतो असं धरून मुलगा उजव्या कडेला पेन्सिल घासतो, कारण सरांनी तसं सांगितलंय. गोलावा म्हणजे काय, उजेड त्यावरून कसा सरकतो, कुठे अडतो, कुठे बुडतो, हे त्याच्या हातांना कधी कळलेलंच नसतं. डोंगराच्या माथ्यापासून खाली कोरत आणलेलं वेरूळचं कैलास लेणं ज्या राज्यात आहे, तिथल्या मुलाला या परीक्षांसाठी एकदाही हाताने घन आकार घडवावा लागत नाही. मला हे खटकतं. आपल्याकडे घडवणाऱ्यांची परंपरा तुटलेली नाही. गणपतराव म्हात्र्यांनी १८९६ मध्ये, जे. जे. स्कूलमध्ये विद्यार्थी असताना ‘मंदिरपथगामिनी’ घडवली. अलिबागजवळच्या सासवण्याचे विनायक करमरकर गणपती करणाऱ्या घरातून आले आणि मोठे शिल्पकार झाले. वर्गात मात्र त्यांचं नावही निघत नाही.

कुणी म्हणेल, हल्ली तर ऑगस्टमध्ये शाळोशाळी शाडूच्या गणपतीच्या कार्यशाळा होतात. होतात, आणि त्या व्हाव्यातच. मुलाच्या बोटांना माती लागते हेच मोठं. मात्र गणपतीचा आकार आधीच ठरलेला आहे. पोट, सोंड, मांडी, मुकुट असं क्रमाने सांगत गेलं की चाळीस मुलांचे चाळीस गणपती एकसारखे होतात आणि तसेच व्हायचे असतात, कारण ती पूजेची मूर्ती आहे. त्यात मुलाने स्वतः बघून ठरवावं असं फार थोडं उरतं. चेहऱ्याचं तसं नाही. कुणाचा चेहरा, किती वयाचा, रागावलेला की थकलेला, कपाळ पुढे की मागे, हे सगळं मुलालाच ठरवावं लागतं आणि ठरवायचं तर बघावं लागतं.

या वयाला मुखवटा का, याला आणखी एक कारण आहे. पहिली-दुसरीतलं मूल बेधडक चित्र काढतं. अकरा-बारा वर्षांचं झालं की त्याला आपलं चित्र खऱ्यासारखं हवं असतं, ते तसं येत नाही, आणि मग ‘मला चित्रकला येत नाही’ हे वाक्य त्याच्या तोंडी बसतं ते कायमचं. कलाशिक्षणतज्ज्ञ व्हिक्टर लोवेनफेल्डने मुलांच्या कलाविकासाच्या ज्या पायऱ्या मांडल्या, त्यांत वास्तवाची ओढ लागण्याचा हा काळ ठळकपणे येतो. पोर्ट्रेट काढायला सांगितलं की याच वयाची मुलं सर्वांत जास्त खोडरबर झिजवतात. मुखवट्यात साम्याचं ओझं नसतं. नाक दुप्पट लांब केलं तर ते चुकलं असं कुणी म्हणत नाही, उलट ते आणखी लांब का नाही असं विचारता येतं. शिवाय या वयात मुलांचे स्वतःचे चेहरे बदलत असतात. मुरुम येतात, मिसरूड फुटायला लागते, आरशासमोर वेळ जातो. चेहरा या विषयात त्यांना आपणहून रस असतो, पण स्वतःच्या चेहऱ्याबद्दल बोलायची चोरी असते. मुखवट्याच्या निमित्ताने ते बोलणं हातांनी होतं.

आता मूळ मुद्दा. चेहरा फुगीर नसतो. मुलांना आणि बऱ्याच मोठ्यांनाही तो फुगीर वाटतो, कारण आपण चेहऱ्यावरच्या खुणा बघतो, चेहरा बघत नाही. डोळा म्हणजे बदामी आकार, नाक म्हणजे दोन ठिपके, ओठ म्हणजे लाल रेघ. म्हणून पहिल्या तासाला माती न देता मी मुलांना डोळे मिटून स्वतःचा चेहरा चाचपायला सांगतो. भुवईच्या हाडावरून बोट खाली आणलं की ते खड्ड्यात पडतं; त्या खड्ड्यात डोळ्याचा गोळा आहे आणि त्यावर पापणी ओढलेली आहे. गालाचं हाड डोळ्याखालून निघून कानाकडे जातं. वरच्या ओठाखाली दातांची कमान आहे, म्हणून तोंड सपाट नाही, गोलाईवर बसलेलं आहे. डोळे कपाळात नसून टाळू आणि हनुवटी यांच्या साधारण मध्यावर आहेत, हे तर बोटांनी मोजल्याशिवाय कुणाला पटतच नाही. फुग्यावर केलेला मुखवटा इथेच नापास होतो. फुग्याला सगळीकडे फक्त फुगवटा असतो, खड्डा कुठेच नसतो. आणि शिल्पात अर्धी भाषा खड्ड्यांची असते.

हाताच्या या ज्ञानाला मी हौस म्हणून महत्त्व देत नाही. लोवेनफेल्डने व्हिएन्नातल्या अंधशाळेत मुलांकडून मातीकाम करवून घेतलं होतं आणि लुडविग म्युन्झ यांच्यासोबत त्यावर १९३४ मध्ये पुस्तक लिहिलं. ज्यांनी कधी चेहरा पाहिला नाही अशी मुलं नाक, डोळे, ओठ हे भाग वेगवेगळे घडवून मग एका चेहऱ्यात सांधत होती, आणि त्या चेहऱ्यांत भाव होते. चेहरा आतून, स्पर्शाने आणि स्नायूंच्या ताणाने कळतो, हे त्यावरून दिसतं. डोळस मुलांमध्येही ते ज्ञान असतं, फक्त आपण त्यांना त्याच्याकडे वळवत नाही.

म्हणून मुखवट्याची सुरुवात फुग्याने नको, मातीने करावी. प्लायवूडच्या तुकड्यावर शाडूचा किंवा कुंभाराच्या मातीचा चेहरा घडवायचा आणि त्यावर कागदाचे थर द्यायचे. ही युक्ती माझी नाही. पश्चिम बंगालमधल्या पुरुलियातल्या चरिदा गावात छाऊ नाचाचे मुखवटे असेच होतात. मातीच्या चेहऱ्यावर राख भुरभुरतात म्हणजे कागद चिकटून बसत नाही. मग खळीत भिजवलेल्या कागदाचे आठ-दहा थर, त्यावर पातळ माती आणि कापड, मग लाकडी हत्याराने घासून नाक-डोळ्यांच्या कडा पुन्हा जागत्या करायच्या, उन्हात वाळवायचं आणि शेवटी मातीपासून कवच सोडवायचं. पुरुलियाच्या या मुखवट्याला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. शाळेत राखेऐवजी पहिला थर नुसत्या पाण्यात भिजवलेल्या कागदाचा दिला तरी भागतं.

या पद्धतीत शिल्पकलेचे दोन धडे सरांनी तोंड न उघडता मिळतात. पहिला धडा सोडवताना. मुलाने नाकाखाली किंवा हनुवटीखाली आत वळणारी खोल खाच केली असेल तर वाळलेलं कवच तिथे अडतं, निघत नाही. ओढलं तर फाटतं. कोणता आकार साच्यातून सुटेल आणि कोणता अडकेल, हा ओतकाम करणाऱ्या प्रत्येक कारागिराचा रोजचा प्रश्न आहे. पेणच्या गणपतीच्या कारखान्यात तो आहे आणि ब्राँझच्या पुतळ्यातही आहे. बारा वर्षांच्या मुलाला तो स्वतःच्या हातात फाटलेल्या नाकपुडीतून कळतो. दुसरा धडा याहून सूक्ष्म आहे. कागदाचा प्रत्येक थर आकार थोडा बोथट करतो. मातीत नेमकी दिसणारी पापणी सहा थरांनंतर गायब होते. म्हणजे माती घडवतानाच पुढचं ओळखून भुवई जास्त पुढे, खोबण जास्त खोल, नाकाची कड जास्त धारदार ठेवावी लागते. माध्यम काय खाणार आहे याचा आधी हिशेब करणं, हाच शिल्पकाराचा विचार. सपाट कागदावर रंग भरताना तो कधी करावा लागत नाही.

कागदाचंही एक शिक्षण आहे. वर्तमानपत्र उभं फाडलं तर सरळ पट्टी निघते, आडवं फाडलं तर वेडंवाकडं फाटतं, कारण गिरणीत कागद होताना तंतू एका दिशेने लोळतात. कात्रीने कापलेल्या तुकड्याची कड वर उठून दिसते. हाताने फाडलेल्या तुकड्याच्या कडेला तंतू मोकळे असतात, ते शेजारच्या तुकड्यात मिसळतात. म्हणून या कामात कात्री बंद. एक थर साध्या दैनिकाचा आणि एक गुलाबी कागदाच्या आर्थिक दैनिकाचा दिला की कुठे थर चुकला ते मुलाला आपोआप दिसतं. खळ मैद्याची. बुकबाइंडर खळीत मोरचूद घालतात, ते विषारी आहे, मुलांच्या जवळपासही नको. आपल्या आज्या रद्दीच्या लगद्यात मेथीची पूड कालवून टोपल्या करायच्या, कारण मेथीने कीड लागत नाही. तीच मेथी खळीत चालते. आणि हे काम दिवाळीनंतर काढावं. पावसाळ्यात थर वाळत नाहीत, बुरशी धरते आणि वर्गात वास सुटतो. नोव्हेंबर ते संक्रांत ही हवा मुखवट्यांसाठीच केल्यासारखी असते.

सातवीतल्या एका मुलीने आजीचा मुखवटा करायला घेतला होता. तिने मातीचा गोल गोळा केला, त्यावर नाक लावलं, सुरकुत्या म्हणून काडीने रेघा ओढल्या आणि मला दाखवायला आणला. रेघा होत्या, म्हातारपण नव्हतं. मी विचारलं, ‘‘आजीला दात आहेत का गं?’’ ती म्हणाली, ‘‘नाही सर, बोळकं आहे.’’ ‘‘मग बोळकं कुठे दिसतं?’’ ती थोडा वेळ गप्प राहिली. स्वतःचे गाल आत ओढून तिने बोटांनी चाचपून पाहिले. मग म्हणाली, ‘‘सर, आजीचे गाल बाहेर नाहीत, आत आहेत.’’ आणि तिने दोन्ही अंगठे मातीत रुतवले. ओठांची कड आत ढकलली, त्यासरशी हनुवटी आपोआप पुढे आली, गालाची हाडं वर उठली. मग काडीने ओढलेल्या रेघा तिने स्वतःच पुसून टाकल्या, कारण त्यांची गरज उरली नव्हती. वर्गातल्या दोघी-तिघी तिची आजी ओळखणाऱ्या होत्या. त्यांनी लांबूनच ओळखलं. त्या मुलीला काय शिकवलं असं विचाराल तर मी दोन प्रश्न विचारले एवढंच. बाकीचं मातीने शिकवलं, आणि माती समोर नसती तर ते प्रश्न विचारूनही काही झालं नसतं.

मग कागद चढला, वाळला, कवच सुटलं. इथे वर्गात सगळ्यांना घाई होते, कारण आता रंग. आणि इथेच थांबावं असं माझं म्हणणं आहे. वरून नुसता पांढरा हात द्यावा, खोलीच्या खिडक्या लावाव्यात, एकच दिवा किंवा बॅटरी घ्यावी आणि प्रत्येक मुखवट्यावर उजेड आधी डावीकडून, मग वरून, मग खालून टाकावा. जो चेहरा रंगाशिवाय, नुसत्या उजेडाने आणि सावलीने उभा राहतो तो शिल्प झाला. जो उजेडात कोरा राहतो आणि डोळे रंगवल्याशिवाय चेहरा वाटत नाही, त्याला अजून लगदा हवा: भुवईवर, नाकाच्या बाजूला, ओठाखाली. मुलांना हे सांगावं लागत नाही. पांढरा मुखवटा दिव्याखाली धरला की मूलच म्हणतं, याचं नाक कमी पडतंय. जपानी नोह नाट्यात याच गोष्टीवर अभिनय उभा आहे. नट लाकडी मुखवटा किंचित वर उचलतो तेव्हा चेहरा उजळतो, किंचित खाली झुकवतो तेव्हा तोच चेहरा उदास होतो. लाकूड तेच, रंग तोच, फक्त उजेड बदलला.

मुंबई-ठाण्याच्या शाळांची सहल घारापुरीच्या लेण्यांना जाते. मुलं सदाशिवासमोर उभी राहतात, गाईड ‘त्रिमूर्ती’ म्हणून सांगतो आणि रांग पुढे सरकते. अठरा-वीस फूट उंचीचं ते शिल्प दक्षिणेच्या भिंतीत आहे. मुख्य दार उत्तरेला आणि बाजूंनी पूर्व-पश्चिमेचा उजेड येतो. मधला चेहरा मिटल्या डोळ्यांचा, शांत. आपल्या डावीकडचा अघोराचा, मिशा असलेला, भुवया वळलेल्या. उजवीकडचा वामदेवाचा, स्त्रीसारखा कोवळा. तिन्ही चेहऱ्यांचा दगड एकच आहे. फरक केला तो गालाच्या गोलाईने, भुवईच्या कडेने, ओठाच्या जाडीने. ज्या मुलाने एकदा मातीत भुवई घडवली आहे, ते मूल अघोराच्या भुवईपाशी आपोआप थांबेल. ते शिल्पही मागच्या भिंतीला जोडलेलं उठावशिल्पच आहे. मुखवट्याला पाठ नसते म्हणून तो खरं शिल्प नव्हे, असं म्हणणाऱ्यांना मी आधी घारापुरीला जा असंच सांगेन.

आणि मुखवट्याला पाठ नाही हेही पूर्ण खरं नाही, त्याला आतली बाजू आहे. मुखवटा उलटा करून त्याची पोकळ बाजू मुलांसमोर धरा आणि सहा-सात फुटांवरून एक डोळा मिटून बघायला सांगा. पोकळ नाक बाहेर आल्यासारखं दिसतं. मुलगा बाजूला सरकला की तो चेहरा त्याच्याबरोबर वळतो असं वाटतं. आपला मेंदू चेहरा म्हटलं की तो बाहेर आलेलाच असणार असं धरून चालतो आणि डोळ्यांना खोटं पाडतो. विज्ञानाच्या तासाला ज्याबद्दल पानभर लिहावं लागेल ते इथे एका मुखवट्यात दिसतं. पुढे हाच पोकळपणा साच्याची कल्पना देतो: आतला खड्डा म्हणजे बाहेरच्या उंचवट्याचा उलट आकार. सातवीच्या मुलाला हे एकदा हातात धरून कळलं की ओतकाम, छपाई, ठसा यांच्याकडे तो वेगळ्या नजरेने बघतो.

एक आक्षेप मात्र गंभीर आहे. सेवाग्रामला १९४४ ते १९६२ कलाशिक्षक असलेले देवी प्रसाद आणि त्यांच्या पिढीचे शिक्षक सांगत आले की शाळेतली कला चित्रकार घडवण्यासाठी नाही, माणूस घडवण्यासाठी आहे. मला ते मान्य आहे. मग मुखवटा शिल्प म्हणून टिकतो की नाही याची एवढी काळजी कशाला? मुलांना आनंद झाला, बस. या बोलण्याचा आधार घेऊन आपल्याकडे ‘प्रक्रिया महत्त्वाची, वस्तू नाही’ असं इतकं म्हटलं गेलंय की वस्तू कशीही झाली तरी चालते अशी समजूत पसरली. पण माणूस घडतो तो वस्तूशी झगडूनच. कवच फाटलं, नाक बसलं, पुन्हा लगदा लावला, पुन्हा दिव्याखाली धरलं, या झटापटीत लक्ष देणं, धीर धरणं, आपलंच काम परक्याच्या नजरेने बघणं हे सगळं येतं. वस्तूकडून काहीच मागितलं नाही तर प्रक्रियाही पोकळ होते. मुलांचं काम गांभीर्याने घेणं म्हणजे त्यात काय जमलं नाही हे त्यांना दाखवणं.

वेळेचा आणि माणसांचा प्रश्न खरा आहे. पस्तीस-चाळीस मिनिटांची तासिका, वर्गात पन्नास-साठ मुलं, पाण्याचा नळ अंगणात. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात सहावी ते आठवीसाठी, शंभराहून जास्त मुलं असतील तर कला, आरोग्य-शारीरिक शिक्षण आणि कार्यानुभव यांसाठी अंशकालीन निदेशक असावेत असं म्हटलंय. म्हणजे कायद्यानेच कलाशिक्षकाला अर्धवेळ मानलं आणि लहान शाळांना तोही नाही. अशा स्थितीत एका शिक्षकाने साठ मुखवटे करवून घ्यावेत ही अपेक्षा चुकीची आहे. दोन मुलांत एक मुखवटा चालतो. एकाने बघायचं, एकाने घडवायचं, मग अदलाबदल. कला आणि कार्यानुभव यांच्या तासिका जोडून घेता येतात. एका गोष्टीवर मात्र तडजोड नको: काम घरी पाठवू नये. घरी गेलं की ते आईबाबांचं होतं आणि सोमवारी सुबक, गुळगुळीत, मुलाचा हात न लागलेला मुखवटा शाळेत येतो.

आणि गावात शिकवणारी माणसं असतात, त्यांना आपण बोलावत नाही. जव्हार, मोखाडा, पेठ, सुरगाणा या भागात होळीनंतरच्या दिवसांत बोहाडा होतो. गणपती, सरस्वती, भीम, रावण, वेताळ अशी सोंगं संबळाच्या तालावर रात्रभर नाचतात. एकेकाळी हलक्या लाकडाचे असलेले ते मोठे मुखवटे आता बरेचसे कागदाच्या लगद्याचे होतात. ज्या मुलाच्या गावात असे मुखवटे होतात त्याने एलिमेंटरीसाठी तांब्या-वाटीच तेवढी काढायची, आणि त्याच्या काकाच्या हातातली विद्या शाळेच्या दाराबाहेरच राहायची, हे मला शिक्षणाचं अपयश वाटतं. कारागिराला शाळेत बोलावावं ते एका दिवसाच्या प्रात्यक्षिकाला नको, मानधन देऊन, आठवडाभर शिक्षक म्हणून. त्याच वेळी एक पथ्य पाळायला हवं. बोहाड्यातलं सोंग पूजेचं असतं, ठरावीक घराण्यांच्या मानाचं असतं. त्याची नक्कल शहरातल्या वर्गात ‘ट्राइबल मास्क’ म्हणून करवून घेऊ नये. त्या कारागिराकडून थर कसे द्यायचे, भुवई कशी उचलायची, लांबून अंधारात चेहरा ओळखू यावा म्हणून काय मोठं करायचं ते शिकावं, आणि चेहरे आपल्या आजूबाजूचे करावेत: आजी, बसचा कंडक्टर, मासे विकणारी बाई, वर्गातला खोडकर मुलगा.

राहिला मूल्यमापनाचा भाग. राज्यात २०१० पासून आठवीपर्यंत सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आहे आणि कलेच्या वर्णनात्मक नोंदीत ‘चित्रात रंग छान भरतो’ हे वाक्य वर्षानुवर्षं फिरतं. ‘चेहऱ्यातले उंचवटे आणि खोलगट भाग ओळखून घडवते’ अशी नोंद करायला कुणाची हरकत नाही. फक्त ते बघायला शिक्षकाला वेळ हवा. रेखाकला परीक्षेतही मातीचा एक पेपर असावा. हातभर फळीवर, दोन तासांत, एक चेहरा किंवा एक प्राणी, रंग नाही. शिल्प केंद्रावरून तपासणीला पाठवता येत नाही ही अडचण सांगितली जाते. तर एका दिव्याच्या उजेडात डावीकडून, समोरून आणि उजवीकडून असे तीन फोटो घ्यावेत, क्रमांक टाकून पाठवावेत आणि माती बादलीत परत भिजत घालावी. फोन आज बहुतेक केंद्रांवर आहे, दिवा आहे, शाडू गणपतीनंतर उरलेलीच असते. एलिमेंटरीला, सुरुवातीला ऐच्छिक म्हणून का होईना, कला संचालनालयाने हे एखाद्या जिल्ह्यात करून पाहावं, आणि पहिला जिल्हा जव्हार-मोखाड्याच्या बोहाड्याचा पालघर घ्यावा.